कुंपणपंचाच्या घरचा धूर

१ जानेवारी १९८६, बुधवार

वजन कमी करायचे संकल्प आता पुरे. सहासष्टाव्या वर्षी माझ्या वजनाची काळजी खुर्च्यांनी करावी. यंदा ठरवलंय ते वेगळं: चांगली नागरिक व्हायचं. चौतीस वर्षं गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसून सगळ्यांची पत्रं वाटली, पण देशासाठी म्हणून काय केलं? दर चौथ्या वर्षी मत दिलं आणि मधली तीन वर्षं कुरकुर केली.

तर संकल्प असे. गावच्या पंचांची एकही बैठक चुकवायची नाही. मार्चच्या ग्रामसभेत एकदा तरी उभं राहून बोलायचं. आजवर मी नुसत्या 'हो' आणि 'नाही'च्या गलक्यात तोंड हलवत आले. सरकारी माणसाने चांगलं काम केलेलं दिसलं तर चारचौघांत त्याचे आभार मानायचे, कारण शिव्या द्यायला सगळं गाव आहेच. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: नियम सगळ्यांना सारखा. भीडभाड नाही.

रॉय असता तर म्हणाला असता, "पहिले तीन जमतील, युनिस. चौथ्यापायी कुणाला तरी दुखावशील." गेलेल्या नवऱ्याचं एक बरं असतं, त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

कुरणापलीकडे शेजारच्या पर्लीच्या धुराड्यातून धूर नाही.

६ जानेवारी, सोमवार

गावच्या कचेरीतून तिथली कारकून थेल्मा व्हिटकोम हिचा फोन. मतदारयादी तपासणाऱ्या समितीतले म्हातारे प्रॅट आजारी पडले, त्यांच्या जागी मी येते का? मी दोनदा 'हो' म्हणाले. थेल्मा म्हणाली, "एकदा पुरे. फुकटचं काम आहे, कुणी पळवून नेणार नाही."

दुपारी जाऊन शपथ घेतली. नियमाचं पुस्तक घरी आणलं. रॉय गेल्यापासून जेवणाच्या टेबलावर एवढं मोठं काही आलं नव्हतं. त्याला जागा करायला पत्त्यांचा जोड आणि गुण मांडायची खुंट्यांची पाटी कपाटात टाकली. ऑक्टोबरपासून नुसतीच धूळ खात पडली होती.

९ जानेवारी, गुरुवार

रात्रीत फूटभर बर्फ. मी सात वाजता उठून कानातलं यंत्र लावते, तोवर अंगणातली वाट साफ! दारापासून रस्त्यापर्यंत, शिवाय लाकडाच्या खोपीपर्यंत. कडा अशा सरळ की दोरी लावून कापल्यासारख्या. पायऱ्यांवर घसरू नये म्हणून राखही पसरलेली. रस्त्याच्या कडेला ट्रकच्या चाकांचे ठसे होते.

म्हणजे आपलं रस्ताखातं आता एकट्या बायकांच्या वाटाही साफ करतं तर! नोव्हेंबरपासून हे चाललंय आणि मी एकदाही आभार मानले नाहीत. संकल्प क्रमांक तीन. रस्त्यांचा कारभारी अर्लन बुशे याचे आभार ग्रामसभेतच मानीन, म्हणजे दोन संकल्प एका दमात पुरे होतील.

१३ जानेवारी, सोमवार

यादी घरी आणून वाचली. तीनशे बारा नावं. गावात राहत नाही त्याचं नाव यादीत राहू नये, असा नियम. मी तीन नावांखाली पेन्सिलीने रेघ मारली. बॉस्टनचं ते उन्हाळ्यापुरतं येणारं जोडपं, ही दोन. तिसरं पर्ली कोलबर्न.

हे लिहिताना पेन्सिल जरासुद्धा अडखळली नाही. पर्ली माझा शेजारी, मधे एक कुरण, आम्ही एका शाळेत शिकलो, रॉयचा तो जिवलग. पण ऑक्टोबरात मी बहिणीकडे गेले असताना तो कोठाराच्या शिडीवरून पडला, आणि त्याच्या मुलीने, कोराने, त्याला अकरा मैलांवर तिच्या गावी नेलं. परत आले तर घर अंधारात. चिठ्ठी नाही, फोन नाही. दर रविवारी माझ्या टेबलावर बसून पत्ते खेळणाऱ्या माणसाला 'जातो' एवढं म्हणायला काय झालं होतं? अर्थात त्याचा याच्याशी संबंध नाही. मुद्दा राहण्याचा आहे.

आजपासून रीतसर नोंद ठेवते. सकाळी आठ, धूर नाही. संध्याकाळी पाच, धूर नाही.

२० जानेवारी, सोमवार

समितीची बैठक. पर्लीचं नाव निघताच थेल्माने चष्मा काढला.

"युनिस, अगं पर्ली आहे तो. एकतीस वर्षं आपला कुंपणपंच."

"कुंपणपंच या गावातलाच असावा, असं पुस्तकात आहे. पान चाळीस."

"गावात शेवटची मेंढी राहिली नाही आणि कुंपणाचं भांडण झाल्याला वीस वर्षं झाली. तो सभेत उभा राहतो, 'कुंपणं शाबूत आहेत' म्हणतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. त्याला पान चाळीस कशाला?"

मी माझी नोंदवही उघडून दाखवली. धूर नाही, धूर नाही, धूर नाही. थेल्माने वही आपल्याकडे ओढून दोन पानं उलटली. मग म्हणाली, "तू रोज दोन वेळा त्याच्या घराकडे बघत बसतेस?"

"पुरावा लागतो."

"बरं. मग निदान त्याला फोन करून विचार."

"बॉस्टनवाल्यांना करणार आहोत का फोन? छापील पत्र तिघांनाही जाईल. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं नको."

ठरलं तसं. पत्रं मीच टाइप केली. "प्रिय महोदय, आपण या गावात राहत नसल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. हरकत असल्यास २२ फेब्रुवारी दुपारी बारापर्यंत समक्ष यावे." खाली सही: यु. टारबेल. तिकीट सरळ लावलं. चौतीस वर्षांची सवय.

३ फेब्रुवारी, सोमवार

बॉस्टनवाल्यांचं उत्तर आलं, चुकून नाव राहिलं होतं, काढा म्हणतात. किती सभ्य माणसं! पर्लीचं उत्तर नाही. त्याला लिहायचा कंटाळा नाही, रॉय इस्पितळात होता तेव्हा रोज एक कार्ड पाठवायचा.

पुन्हा बर्फ, पुन्हा वाट साफ. आज पाखरांना दाणे ठेवते त्या खांबापर्यंतही. रस्ताखात्याला माझी पाखरंसुद्धा ठाऊक! अर्लन बुशेला मी आजवर आळशी समजत होते, माझं मला वाईट वाटलं.

धूर नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

थेल्मा मुद्दाम घरी आली. कोट न काढताच बोलायला लागली.

"ऐक. कोरा घर विकायच्या मागे लागलीय. पर्ली हटून बसलाय. तिला म्हणतो, 'गावच्या यादीत माझं नाव आहे तोवर मी गेलेलो नाही, नुसता पाहुणा आलोय तुझ्याकडे.' तेवढ्या एका नावावर त्याचं घर उभं आहे, युनिस."

"मग येऊन सांगावं तसं. बारा वाजेपर्यंत वेळ आहे."

"तुम्ही दोघं एकाच मुशीतली! एक फोन करणार नाही, दुसरा उत्तर देणार नाही. रॉय मधे होता म्हणून तुमचं जमलं इतकी वर्षं."

हे तिने बोलायला नको होतं. ती गेल्यावर मी फोनचा रिसीव्हर उचलला होता, नियमात फोनची मनाई आहे का ते बघावं म्हणून. पुस्तकात तसं काही नाही. पण सवलतीची पहिली पायरी अशीच असते. ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नऊपासून कचेरीत बसले. थेल्माने कॉफी केली, मला दिली नाही. मी स्वतः घेतली.

साडेअकराला एक ट्रक येऊन बाहेर थांबला. माझं काळीज एवढं धडधडायला लागलं की कानातल्या यंत्रात ऐकू येतंय की काय असं वाटलं. ट्रकवाला रस्ता विचारायला आला होता. पावणेबारा. बाराला पाच कमी. कोणी नाही. थेल्मा खिडकीशी उभी होती, तिने घड्याळाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली.

बारा वाजले. मी पट्टी ठेवून लाल शाईने रेघ मारली. कोलबर्न, पर्ली अ. रेघ सरळ आली. थेल्मा म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, समाधानाचा प्रश्न नाही.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. कालचं बीन्सचं कालवण शिळं असावं.

४ मार्च, मंगळवार: ग्रामसभा

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी दोन ॲपल पाय भाजून सभागृहात घेऊन गेले. शेगडी रसरसलेली, ओल्या लोकरीचा वास, सगळं गाव हजर. आत शिरताच दिसला तो पर्ली. मागच्या भिंतीशी पाहुण्यांचं बाक असतं, यादीत नसलेल्यांचं. वार्ताहर, शाळेची पोरं, कुणाचे तरी सासरचे लोक तिथे बसतात. त्या बाकावर पर्ली त्याच्या चांगल्या जाकिटात, शेजारी कोरा. टोपी गुडघ्यावर. फार वाळलाय. मी मान हलवली. त्यानेही हलवली, पोस्टात अनोळखी माणसाला हलवतात तशी.

विषयपत्रिकेतल्या नवव्या कलमाला सभाध्यक्ष हायरम स्टॉडर्ड यांनी वाचलं, "कुंपणपंचांचा अहवाल." सवयीने अर्धी सभा हसायला लागली आणि मग गप्प झाली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

हायरम खाकरले. "पाहुण्यांना बोलू द्यायचं तर सभेची परवानगी लागते. पर्ली कोलबर्न यांना बोलू द्यावं म्हणणारे?"

"हो!" इतका मोठा आवाज त्या सभागृहात मी ऐकला नव्हता. त्यात माझाही होता.

पर्ली उठला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "आभारी आहे. पण अहवाल पंचाने द्यायचा असतो, आणि पंच गावातला असावा लागतो. पान चाळीस. दुसरा निवडा." आणि बसला.

कुणी कुणाचं नाव सुचवलं नाही. जागा रिकामी ठेवून हायरमनी कलम बंद केलं. दुपारच्या जेवणात माझ्या ॲपल पायला कुणी हात लावला नाही, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण संकल्प म्हणजे संकल्प. जेवणानंतर रस्त्यांचं कलम आलं तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "या हिवाळ्यात रस्ताखात्याने माझ्या अंगणातली वाट प्रत्येक बर्फानंतर, उजाडायच्या आत साफ केली. पायऱ्यांवर राख टाकली. न सांगता, गाजावाजा न करता. नागरिकसेवा म्हणतात ती ही. अर्लन बुशे यांचे मी जाहीर आभार मानते."

अर्लन उठला. डोकं खाजवलं. "युनिस, माझ्याकडे बर्फ ढकलायचा एकच नांगर आहे, तो नऊ फूट रुंद. तुझ्या वाटेत घातला तर ओसरीसकट घेऊन जाईल. आणि आम्ही वाळू टाकतो. राख नाही."

लोक हसले. मी म्हटलं, "मग कोण करतं?"

मागून कोरा उभी राहिली. हायरमनी हातोडा आपटला, पाहुण्यांना परवानगी नाही म्हणाले. तिने ऐकलंच नाही.

"बर्फ पडला की साडेचारला उठतो हा माणूस. मोडकी बरगडी नीट सांधलेली नसताना अकरा मैल ट्रक हाकत जातो, माझ्या शेगडीतली राख बादलीत भरून. का, तर रॉयला शब्द दिला होता, युनिसच्या दारची वाट साफ ठेवीन म्हणून. मी म्हटलं, बाबा, तिने तर तुमचं नाव खोडलं. त्यानंतरही दोनदा आले ते. आणि तुम्ही आभार मानताय अर्लनचे!"

हातोडा पडत होता. पर्ली तिची बाही ओढत म्हणत होता, "बस खाली, कोरा. नियम आहे."

मी बसले. सभेत बोलायचा संकल्प पुरा झाला. शरमेने मेल्यासारखं झालं. असं तोंडघशी मी उभ्या आयुष्यात पडले नव्हते.

६ मार्च, गुरुवार

चार इंच बर्फ. वाट तशीच पडून. खोरं घेऊन मी गेले, अर्ध्यावर दम लागला. कडा वाकड्यातिकड्या झाल्या.

सरळ कडा. कुंपणपंचाशिवाय असं कोण कापणार होतं? चौतीस वर्षं मी पाकिटावरचं अक्षर बघून माणूस ओळखत आले.

८ मार्च, शनिवार

कोराकडे गेले. न कळवता. तिने दार उघडलं पण आत या म्हणाली नाही, मीच गेले. पर्ली स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होता.

"आलीस? बर्फ होता का वाटेत?"

"पर्ली, उत्तर का नाही दिलंस पत्राला?"

त्याने बटाटा पूर्ण सोलला. "कुणाला देणार? 'प्रिय महोदय' लिहिलं होतंस. साठ वर्षांत मला कुणी महोदय म्हटलं नाही. म्हटलं, युनिसला माझं घर कुठे ते विचारावं लागतंय, तर मग नसेलच."

"सगळ्यांना सारखं पत्र होतं ते!"

"हो. तेच तर."

"आणि तू? न सांगता गेलास. चिठ्ठीसुद्धा नाही."

"अगं, बरगडी मोडून स्ट्रेचरवर होतो! आणि परत यायचंच होतं, त्यात सांगायचं काय?"

मी म्हटलं, माझं चुकलं. एवढंच. पान एक्केचाळीसवर लिहिलंय की माणूस कुठे झोपतो यापेक्षा त्याला कुठे परतायचं आहे ते बघावं. मी ते पान वाचलं होतं. तीनदा वाचलं होतं आणि पुढे गेले होते, हे आज वहीत तरी लिहिते.

कोरा म्हणाली, "आता उशीर झाला. सोमवारी दहाला घर विकणारा दलाल यायचाय. ते घर चार महिने गार पडलंय, बाबांना मी त्या बर्फात एकटं पाठवणार नाही. आणि आता तर गावानेच सांगितलं ना?"

पर्लीने दुसरा बटाटा घेतला.

९ मार्च, रविवार

आज मी एक बेकायदा गोष्ट केली. कोराच्या भाषेत घुसखोरी, माझ्या पुस्तकात त्याला शब्द सापडला नाही.

पर्लीने रॉयला दिलेली किल्ली अजून आमच्या खिळ्यावर होती. सकाळी कुरण ओलांडून गेले, मांडीपर्यंत बर्फ, दोनदा पडले. आत एवढा गारठा की श्वासाची वाफ दिसत होती. टेबलावर त्याचा कप पालथा. शेगडीशेजारी लाकडं रचलेली, वर चुरगळलेला कागद आणि काड्यापेटी, ऑक्टोबरापासून तयार. परत येणारा माणूस आल्याआल्या पेटवायला मांडून ठेवतो तशी. नुसतं दार उघडून कुणी एवढं बघितलं असतं तर धुराची नोंद ठेवायची गरजच नव्हती.

काडी ओढली. धुराड्यात पाखरांनी घरटं केलं असावं, आधी सगळा धूर घरात. खिडक्या उघडल्या, खोकत पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवलं. मग एकदम ओढ लागली आणि धूर वर चढला.

अकराच्या सुमाराला बाहेर ट्रक करकचून थांबला. पर्ली धापा टाकत आत, हातात बादली.

"कुठाय आग? अर्लनचा फोन आला, घर पेटलंय म्हणून!"

"पेटलेलं नाही. तापवलंय."

तो बघतच राहिला. माझ्या तोंडाला काजळी लागली होती, हे मला नंतर कळलं.

"युनिस टारबेल, तू माझं कुलूप उघडलंस?"

"उघडलं. तक्रार करायची तर कर, कागद माझ्याकडेच आहेत." मी पिशवीतून मतदारनोंदणीचा अर्ज काढला. हात काळे होते, अर्जावर ठसे उमटले. "प्रश्न एक. तुला कुठे राहायचंय?"

"हे पण टाइप करून विचारायचंस."

"पर्ली, चेष्टा नको. उद्या दहाला दलाल येणार. कुठे राहायचंय?"

तो खुर्चीत बसला. टोपी काढली. शेगडीकडे बघत राहिला आणि त्याची हनुवटी हलायला लागली. मी रॉयच्या वेळीही त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"इथे. आणखी कुठे? मेपलच्या झाडांत रस चढायला लागलाय, पाक आटवायचे दिवस आले, ऐकलं नाहीस? कोरा काय म्हणेल मात्र..."

"कोराला मी सांगते. रोज दोनदा धूर बघणारं माणूस समोर राहतं म्हणावं. त्यात मी तरबेज आहे."

तो रडता रडता हसला. मी त्याला उजवा हात वर करायला लावला. समितीच्या सभासदाला शपथ देता येते. त्याने माझ्यामागून म्हटलं, की मत देताना कुणाचं भय धरणार नाही, कुणाची भीड धरणार नाही. 'भीड' आली तिथे माझ्याकडे बघून थांबला.

"ही शपथ तू घेतलीस तेव्हा जरा जास्तच मनावर घेतलीस."

जाताना कोराला फोन लावला. ती आधी ओरडली. शेवटी म्हणाली, "मेपलचा रस संपेपर्यंत. मग बघू. आणि एक दिवस जरी धूर दिसला नाही तर मला लगेच कळवायचं." मी म्हटलं, लेखी कळवीन. ती म्हणाली, "नको. फोन करा."

१० मार्च, सोमवार

दहाला दलालाची गाडी आली आणि पाच मिनिटांत परत गेली.

कपाटातून पत्ते काढले. खुंट्यांची पाटी पुसली. नियमाचं पुस्तक कपाटात ठेवलं.

सकाळी आठ. पर्लीच्या धुराड्यातून धूर आहे. शेगडी मी पेटवलेली नाही.